नार्कोलेप्सी आणि शरीरातली ‘अफू’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला टाइप १ नार्कोलेप्सी आहे आणि पोटापाण्यासाठी मी औषधशास्त्र शिकवते. ही दोन्ही माहिती एकदम कळली की लोकांना प्रश्न सुचतातच. २०१८ मध्ये अफूजन्य पदार्थ आणि नार्कोलेप्सी यांच्यावरचं एक संशोधन गाजलं. व्हॉट्सॲपवर फिरता फिरता त्याचं ‘अफूने नार्कोलेप्सी बरी होते’ असं झालं आणि प्रश्नांचा ओघ वाढला. तेच प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. घाई असेल तर प्रश्न ८ आधी वाचा, बाकीचं सवडीने.

१. नार्कोलेप्सी म्हणजे खूप झोप येणं, एवढंच ना?

नाही. जाग आणि झोप यांच्यामधल्या दाराची कडी सैल झालेली असते. दिवसा झोप आवरत नाही आणि रात्रीची झोप सलग लागत नाही. झोप लागताना किंवा उठताना शरीर काही क्षण हलत नाही, डोळे मिटताच खरीखुरी वाटणारी माणसं खोलीत दिसतात. आणि टाइप १ मध्ये यावर कडी करणारी कॅटाप्लेक्सी: भावना उसळली, विशेषतः हसू आलं, की स्नायूंतला जोर एकदम जातो. शुद्ध मात्र पूर्ण असते.

माझं निदान झालं त्याच्या आदल्या मे महिन्यातली गोष्ट. मामाकडे मेंढीकोट रंगला होता. चौथी मेंढी मी पकडली, कोट लागला, मामाचा चेहरा पाहून मला हसू फुटलं आणि हातातली पानं सतरंजीवर सांडली. जबडा लोंबला, मान छातीवर पडली. मला सगळं ऐकू येत होतं. मामी म्हणत होती, “नाटकं बघा हिची!” अर्ध्या मिनिटात मी परत पानं गोळा करत होते. याला आजार म्हणतात हे कळायला पुढे बरेच महिने गेले.

ढोबळमानाने दोन हजारांत एकाला हा आजार असतो आणि बहुतेकदा तो किशोरवयात सुरू होतो. ‘नार्कोलेप्सी’ हे नाव १८८० मध्ये जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं.

२. शरीरातली नैसर्गिक अफू म्हणजे नेमकं काय? आपल्या अंगात खरंच अफू असते?

अफू नसते. अफू ज्या कुलपाला लागते त्या कुलपाच्या आपल्या स्वतःच्या किल्ल्या असतात. मेंदूत अफूजन्य पदार्थांसाठी ठरावीक रिसेप्टर आहेत हे १९७३ मध्ये दिसलं, तेव्हा साहजिक प्रश्न पडला: खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूने कुलपं कशाला करून ठेवली असतील? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधून आलं. ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं केलं. मागोमाग एंडॉर्फिन आलं आणि १९७९ मध्ये गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेतून डायनॉर्फिन.

रिसेप्टर मुख्यतः तीन: म्यू, डेल्टा आणि कप्पा. मॉर्फीन आणि हेरॉइन यांचा मुख्य खेळ म्यूवर चालतो; वेदना शमते, सुख वाटतं. डायनॉर्फिनचं घर कप्पा. तिथे सुख वगैरे काही नाही. कप्पा जास्त चेतवला तर माणसाला उदास आणि नकोसं वाटतं. ‘नैसर्गिक अफू म्हणजे आनंदाचं रसायन’ हे समीकरण इथेच मोडतं. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात ठेवा.

३. मग याचा नार्कोलेप्सीशी संबंध कुठे येतो?

हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला छोटासा भाग. तिथे सुमारे ७० हजार चेतापेशी हायपोक्रेटिन नावाचं रसायन बनवतात. १९९८ मध्ये दोन गटांनी ते जवळपास एकाच वेळी शोधलं, म्हणून त्याला दोन नावं: हायपोक्रेटिन आणि ओरेक्सिन. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ७० हजार म्हणजे काहीच नाही, पण या पेशी मेंदूभर तंतू पसरून जाग टिकवून धरतात. २००० मध्ये नार्कोलेप्सीच्या रुग्णांचे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले, तेव्हा या पेशींपैकी ८५ ते ९५ टक्के दिसेनाशा झालेल्या होत्या.

वर्षभराने कळलं की याच पेशी डायनॉर्फिनही बनवतात. एखाददुसरी नाही, जवळजवळ सगळ्याच. मग २००५ मध्ये रुग्णांच्या मेंदूत मुद्दाम शोध घेतला, तर त्या भागातलं डायनॉर्फिनही हायपोक्रेटिनबरोबर गेलेलं होतं. म्हणजे टाइप १ च्या रुग्णाने एक नाही, निदान दोन रसायनं गमावलेली असतात आणि त्यातलं एक शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या रसायनांच्या, कुटुंबातलं आहे. (ही ‘दिसेनाशी झाली’ अशी मोघम शब्दरचना मी मुद्दाम का केली ते प्रश्न १० मध्ये.)

४. हायपोक्रेटिन पेशींना जागवतं आणि डायनॉर्फिन दाबतं म्हणतात. एकाच पेशीत दोन्ही कशाला?

आमटीत मिरचीबरोबर गुळाचा खडा कशाला, तसंच काहीसं. दोन्ही रसायनं पेशीत एकाच पुडीत भरलेली सापडली आहेत, त्यामुळे ती बहुधा एकत्रच सुटतात. पण पलीकडच्या पेशीवर कोणाचा जोर चालेल हे त्या पेशीवर अवलंबून असतं. शिवाय उंदरांच्या मेंदूतल्या प्रयोगांत दिसलं की पुन्हा पुन्हा मारा केला तर डायनॉर्फिनचा परिणाम ओसरत जातो, हायपोक्रेटिनचा टिकतो. म्हणजे सुरुवातीला लगाम आणि नंतर मोकळी धाव. डायनॉर्फिन उलटून स्वतःच्या मायपेशीलाही गप्प करतं.

बक्षिसाच्या ओढीत या जोडीचं भांडण फार स्पष्ट दिसतं. हायपोक्रेटिन ‘हवंय’ म्हणतं, डायनॉर्फिन ‘पुरे’.

५. माझ्यातली कोणती लक्षणं डायनॉर्फिन गेल्यामुळे आहेत?

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर थोडं निराश करणारं. मुख्य लक्षणांसाठी डायनॉर्फिन जायलाच हवं असं नाही. पुरावा कुत्र्यांचा. स्टॅनफर्डला नार्कोलेप्सी असलेले डोबरमन आणि लॅब्राडोर पाळले होते. आवडतं खाणं समोर आलं की आनंदाने कोसळायचे. १९९९ मध्ये कळलं की त्यांच्यात हायपोक्रेटिनचा दुसरा रिसेप्टर बिघडलेला आहे. पेशी आणि त्यातलं डायनॉर्फिन शाबूत असूनही त्यांना कॅटाप्लेक्सी होती. ज्या उंदरांत फक्त हायपोक्रेटिनचं जनुक बंद केलं, त्यांनाही तेच झालं.

मग डायनॉर्फिन गेल्याने काहीच होत नाही का? तसंही म्हणता येत नाही. ज्या उंदरांत अख्ख्या पेशीच मारल्या, त्यांचं चित्र फक्त जनुक बंद केलेल्यांपेक्षा काही बाबतींत वेगळं असतं. वजन जास्त वाढतं, हे एक ठळक उदाहरण. तो फरक डायनॉर्फिनचा की त्याच पेशींतल्या इतर रसायनांचा, याची वाटणी सोपी नाही. माझं मत विचाराल तर: झोपेचा हिशोब हायपोक्रेटिनच्या खात्यावर टाका. डायनॉर्फिनचा माग मूड, ओढ आणि ताण यांच्या बाजूला जास्त लागेल असं मला वाटतं.

६. हसल्यावर एंडॉर्फिन सुटतं, म्हणूनच आमचे गुडघे लटके पडतात का?

नाही. स्वप्नाच्या झोपेत मेंदू स्नायूंचा जोर काढून घेतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं प्रत्यक्ष करत सुटू. कॅटाप्लेक्सीत तीच यंत्रणा जागेपणी सुरू होते. भावनेची खबर अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांच्या केंद्रामधून मेंदूच्या खोडाकडे जाते. निरोगी माणसात त्याच वेळी हायपोक्रेटिन उलट बाजूने रेटा देऊन स्नायूंचा ताठपणा राखतं. आपल्यात तो रेटाच नाही.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते अशा काही रुग्णांच्या मेंदूतलं हायपोक्रेटिन प्रत्यक्ष मोजलं गेलं आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आनंद, राग, माणसांशी गप्पा या वेळी ते सर्वांत वर होतं. नेमक्या ज्या क्षणी त्याची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी आपला डबा रिकामा.

७. २०१८ चं ते संशोधन नेमकं काय होतं?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत जेरोम सीगल यांचा गट अनेक वर्षं मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमधल्या हायपोक्रेटिन पेशी मोजत होता. ‘निरोगी’ म्हणून आलेल्या एका मेंदूत या पेशी फारच जास्त निघाल्या. चौकशी केली तर तो माणूस हेरॉइनच्या व्यसनातला. मग हेरॉइन घेणाऱ्या आणखी काही जणांचे मेंदू तपासले: हायपोक्रेटिन पेशी सरासरी ५४ टक्के जास्त, आणि आकाराने सुमारे २२ टक्के लहान. मेंदू मोजकेच होते हे विसरू नका.

पुढे उंदरांना मॉर्फीन देऊन पाहिलं. तिथेही हायपोक्रेटिन दाखवणाऱ्या पेशी वाढल्या आणि मॉर्फीन थांबवल्यावरही काही आठवडे वाढलेल्या राहिल्या. ज्या उंदरांच्या या पेशी मुद्दाम कमी केल्या होत्या त्यांच्यातही संख्या वर आली आणि कॅटाप्लेक्सी घटली. नव्या पेशी जन्मल्या असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. आधीपासून असलेल्या पण मोजता येण्याइतकं हायपोक्रेटिन न बनवणाऱ्या पेशी ते बनवू लागल्या, असा त्यांचा अर्थ.

८. म्हणजे अफू, मॉर्फीन किंवा तसलं काही घेतलं तर नार्कोलेप्सी बरी होते. हो ना?

नाही, आणि कृपा करून स्वतःवर प्रयोग करू नका. उंदरांत काही पेशी शिल्लक ठेवल्या होत्या. तुमच्या-माझ्यात किती उरल्या आहेत कोणाला ठाऊक. हेरॉइन घेणाऱ्यांच्या मेंदूतली वाढ हे त्यांच्या व्यसनाचंच एक अंग असू शकतं. त्याच गटाचं नंतरचं काम त्याच दिशेला जातं: २०२४ मध्ये त्यांनी दाखवलं की मॉर्फीनबरोबर हायपोक्रेटिन अडवणारं सुव्होरेक्सन्ट दिलं तर उंदरांतली व्यसनाची लक्षणं कमी होतात, वेदनाशमन मात्र तसंच राहतं. उपचार म्हणून जे वाढवायचं म्हणताय, तेच व्यसनाला खतपाणी घालत असेल तर?

शिवाय रोजचे धोके आहेतच. श्वास मंदावतो, बद्धकोष्ठ होतं, डोस वाढवत न्यावा लागतो, सोडताना हाल होतात. गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, त्यातली काही बाळं उठली नाहीत. ‘नैसर्गिक आहे, आजी द्यायची’ हा युक्तिवाद मला कोणी ऐकवला की मला ती बाळं आठवतात.

९. पण कोडीन घेतल्यावर बरं वाटल्याचे अनुभव वाचले आहेत. ते खोटे का?

खोटे नाहीत. अफूजन्य औषधांनी नार्कोलेप्सीच्या रुग्णांना आराम पडल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्याच दशकात कोडीनची चाचणीही झाली; रुग्ण म्हणत होते बरं वाटतंय, प्रयोगशाळेतली झोपेची मोजणी मात्र फारशी हलली नाही. म्हणून ती वाट तिथेच थांबली. २०१८ नंतर त्या जुन्या नोंदींकडे लोक पुन्हा वळून पाहू लागले, एवढंच.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध दुकानातून आणून ‘बघू तरी’ म्हणणाऱ्यांसाठी: कोडीन आपल्याकडे शेड्यूल एच-१ मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. आणि अशा बाटलीत कोडीनबरोबर बहुधा झोप आणणारं ॲलर्जीचं औषधही असतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

१०. ताई, मला एकच सांगा: आमच्या पेशी मेल्या आहेत की नुसत्या गप्प आहेत?

मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हाच. बाकी अफूबिफू निमित्त.

प्रचलित उत्तर ‘मेल्या’ असं आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच त्यांच्यावर उलटते. टाइप १ च्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत डीक्यूबी१*०६:०२ हा रोगप्रतिकारक यंत्रणेशी संबंधित जनुकप्रकार सापडतो, आणि २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर फिनलंड, स्वीडनमध्ये एका विशिष्ट लशीनंतर मुलांमध्ये नार्कोलेप्सी वाढली. हे दोन्ही त्याच दिशेला बोट दाखवतात.

पण मोजणी कशी होते ते बघा. मेंदूच्या कापावर हायपोक्रेटिनला चिकटणारा रंग टाकतात आणि रंगलेल्या पेशी मोजतात. रसायन बनवणं थांबवलेली जिवंत पेशी आणि मेलेली पेशी, दोन्ही त्या काचेवर सारख्याच: दिसतच नाहीत. घरात दिवा नाही म्हणजे घरात माणूस नाही, असं धरून चालल्यासारखं. २०१८ च्या मोजणीने निदान एवढं दाखवलं की अंधारातल्या काही घरांत माणसं असतात.

२०२३ मध्ये आणखी एक पुरावा आला. हायपोक्रेटिन पेशींची ओळख पटवणारं क्यूआरएफपी नावाचं दुसरं रसायन रुग्णांच्या मेंदूत शाबूत आढळलं. म्हणजे पेशी तिथे असाव्यात. हायपोक्रेटिनच्या जनुकाच्या सुरुवातीला मात्र मेथिलेशनची, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांची, जादा कुलपं लागलेली होती. आणि फक्त त्याच्याच नाही: ताणाशी संबंधित सीआरएच आणि आपलं डायनॉर्फिन, यांच्या जनुकांवरही तशीच कुलपं. शरीरातली अफू बनवणारं जनुक हायपोक्रेटिनबरोबरच बंद व्हावं, हा मला योगायोग वाटत नाही.

वाद मिटलेला नाही. काही पेशी मेल्या आणि काही गप्प झाल्या असंही असू शकेल. पण ‘गप्प’ची शक्यता खरी असेल तर कुलूप काढायचं औषध शोधता येतं, मेलेल्यांसाठी तो मार्ग नाही.

११. नार्कोलेप्सी असलेल्यांना व्यसन लागत नाही असं म्हणतात. मग मला काय भीती?

नार्कोलेप्सीचे रुग्ण वर्षानुवर्षं ॲम्फेटामिनसारखी उत्तेजक औषधं घेतात आणि त्यातले फार थोडे त्यांच्या आहारी जातात, हे डॉक्टरांच्या १९७० च्या दशकापासून लक्षात आलेलं आहे. ओढ निर्माण करणारं हायपोक्रेटिनच कमी, म्हणून व्यसन कमी, हे स्पष्टीकरण प्रश्न ४ मधल्या भांडणाशी जुळतं. पण ‘कमी’ म्हणजे ‘कधीच नाही’ असं नव्हे, आणि टाइप २ मध्ये (कॅटाप्लेक्सी नसलेला प्रकार) हायपोक्रेटिन सहसा पुरेसं असल्याने हा युक्तिवाद तिथे लागूच होत नाही. शिवाय ओढ नसली तरी श्वास थांबू शकतो.

१२. माझं ऑपरेशन आहे. नंतर मॉर्फीन किंवा ट्रॅमाडॉल दिलं तर चालेल का?

नार्कोलेप्सी आहे म्हणून वेदनाशामक नाकारायचं कारण नाही. मात्र भूलतज्ज्ञांना आधी भेटून औषधांची पूर्ण यादी द्या. कॅटाप्लेक्सीसाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा क्लोमिप्रामिन घेत असाल तर ट्रॅमाडॉलबरोबर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. आणि तीच औषधं ऑपरेशनच्या नावाखाली अचानक बंद केली तर कॅटाप्लेक्सी उसळते, म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नका. परदेशात राहणारे काही वाचक रात्री सोडियम ऑक्सिबेट हे गाढ झोप आणणारं औषध घेतात. त्यावर ओपिऑइड म्हणजे श्वासावर दुहेरी दाब. घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. हायपोक्रेटिन नसलेल्या उंदरांची भूल उशिरा उतरते हे दिसलेलं आहे, तेव्हा शुद्धीवर यायला वेळ लागला तर घरच्यांनी घाबरून जाऊ नये म्हणून त्यांनाही कल्पना द्या.

१३. दिवाळीत अनारसे खाल्ले की मला जास्त झोप येते. खसखशीतली अफू?

खसखस अफूच्याच बोंडातली, पण अफू असते बोंडाच्या चिकात. दाण्यांना लागलेला अंश इतका थोडा की अनारशाने गुंगी येणं अवघड. तीन अनारसे, वर दोन करंज्या आणि दुपारची वेळ: झोपेला आणखी कारण हवं? मात्र एक अपवाद खरा. भरपूर खसखस खाल्ल्यावर नोकरीसाठीच्या लघवीच्या चाचणीत मॉर्फीनचा अंश दिसू शकतो. अशी चाचणी असेल तर चार दिवस खसखशीचा हलवा लांब ठेवा.

१४. धावून, ध्यान करून एंडॉर्फिन वाढवलं तर हायपोक्रेटिन वाढेल का?

नाही. २०१८ चे प्रयोग मॉर्फीनचे होते, सकाळच्या फेरीचे नव्हते. व्यायाम जरूर करा. वजन आणि रात्रीची झोप यांना फायदा होतो. पोहायला जाणार असाल तर सोबत कोणीतरी हवं. कारण प्रश्न १ आणि ६.

१५. रक्तातलं डायनॉर्फिन किंवा एंडॉर्फिन तपासून निदान होतं का?

होत नाही. कोणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा. निदानाला रात्रभराची झोपेची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची चाचणी लागते: सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागणं आणि निदान दोनदा लगेच स्वप्नाच्या झोपेत जाणं. पाठीच्या कण्यातल्या द्रवात हायपोक्रेटिन मिलीलिटरला ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी निघालं तर टाइप १ पक्कं.

१६. कंबरदुखीसाठी वर्षभर ओपिऑइड गोळ्या घेत होतो. बंद केल्यापासून झोप अनावर आहे. गोळ्यांनी माझी नार्कोलेप्सी झाकली होती का?

अशक्य नाही, पण आधी साधी कारणं तपासा. या गोळ्या झोपेची घडी विस्कटतात, झोपेत श्वासाचे अडथळे आणतात, आणि त्या सोडल्यावर काही आठवडे शरीर थाऱ्यावर नसतं. याच काळात डुलकीची चाचणी केली तर निकाल फसवा येऊ शकतो. चाचणीआधी किती दिवस औषधमुक्त राहायचं ते झोपतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. सहसा दोन आठवडे तरी सांगतात. हसताना जबडा किंवा गुडघे सैल पडतात का, हे मात्र आजच आठवून पाहा. ते असेल तर गोष्ट वेगळी.

१७. मग पुढे येणारं औषध कोणतं? त्याने डायनॉर्फिनही परत मिळेल?

सध्या मोडाफिनिल, मिथिलफेनिडेट, व्हेनलाफॅक्सिन ही औषधं उणीव झाकतात, भरून काढत नाहीत. उणीव भरण्याच्या सर्वांत जवळ आलेली औषधं म्हणजे हायपोक्रेटिनचा दुसरा रिसेप्टर थेट चेतवणाऱ्या गोळ्या. डोबरमनमध्ये बिघडलेलं कुलूप तेच. या जातीची एक गोळी २०२१ मध्ये यकृताला त्रास होतोय म्हणून थांबवावी लागली. तिच्यानंतरच्या ओव्हेपोरेक्स्टनचे टाइप १ मधले निकाल २०२५ मध्ये आले आणि ते चांगले आहेत: लोक जास्त वेळ जागे राहिले, कॅटाप्लेक्सी घटली.

डायनॉर्फिन यातून परत मिळत नाही. मिरची परत येते, गूळ नाही. त्याने काय फरक पडेल हे अशी गोळी वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसांकडूनच कळेल. तोवर चाचण्यांमध्ये नोंदलेला सर्वांत ठळक दुष्परिणाम कोणता माहीत आहे? निद्रानाश. मी तो शब्द वर्गात दोनदा वाचला आणि हसू आवरायला टेबलाची कड धरली.